जोडीदार गेल्यानंतर चित्र काढायला बसताना: सुरुवात चेहऱ्यापासून नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमानांना जाऊन आठ महिने झाले. वय ५६. मन रमावं म्हणून मुलीने अ‍ॅक्रिलिक रंगांचा संच आणि दीड बाय दोन फुटांचा कॅनव्हास आणून दिला. शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नाही. फोटो समोर ठेवून त्यांचा चेहरा काढायचा दोनदा प्रयत्न केला, पण तो त्यांच्यासारखा आला नाही. रडू आवरेना, आणि आता रंगांचा डबा उघडायचीही धास्ती वाटते. "चित्र काढल्याने दुःख हलकं होतं म्हणतात, मग माझं वाढलं का? आणि पुन्हा सुरू करायचं तर कसं?"

ताई, चित्रामुळे तुमचं दुःख वाढलं नाही. सुरुवात सगळ्यात अवघड टोकाकडून झाली, एवढंच. मोठा कॅनव्हास, झटपट वाळणारा रंग आणि आयुष्यभर रोज पाहिलेला चेहरा, या तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळणं मुरलेल्या चित्रकारालाही जड जातं. चेहऱ्याचं साम्य मिलिमीटरवर ठरतं. ओठांचा कोपरा दोन मिलिमीटर खाली आला की माणूस दुसराच दिसतो. परक्या माणसाच्या चित्रात ही चूक कुणाला कळतही नाही, पण आपल्या माणसाच्या चित्रात ती क्षणात टोचते. त्यातून मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे ओढल्यासारखे. तुमच्या आठवणीत ते तसे नाहीत. त्यामुळे फोटोबरहुकूम काढलं तरी "हे ते नाहीत" असंच वाटत राहतं, आणि सध्याच्या दिवसांत हे वाटणं सोसवत नाही. निदान सुरुवातीचे काही महिने चेहरा बाजूला ठेवा. तो कधी आणि कसा घ्यायचा, हे पुढे सांगितलं आहे.

"मनातलं सगळं कागदावर ओतून टाका" हा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. माझं मत याच्या उलट आहे. शोकात असलेल्या माणसाला मोकळं रान नको असतं, हद्द हवी असते. ठरलेला वेळ, छोटा कागद, दोन-तीनच रंग आणि शेवटी सगळं आवरून ठेवणं. दुःखाला बोलवावं लागत नाही, ते आपणहून येऊन बसतं. आपण फक्त त्याला बसायला जागा आणि उठायची वेळ ठरवून द्यायची. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली शोकाची कल्पना आजही समुपदेशनात वापरली जाते. शोकातला माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, कधी रोजच्या जगण्याकडे, आणि ही ये-जा व्हायलाच हवी, असं ते म्हणतात. चित्राच्या वेळेला सुरुवात आणि शेवट असला की ही ये-जा रोज थोडी थोडी होते. तो नसला तर चित्र एकाच बाजूला ओढत राहतं.

आता सामानाकडे येऊ. अ‍ॅक्रिलिक सध्या नको. ते पातळ लावलं तर दहा-पंधरा मिनिटांत वाळतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि वाळल्यावर पाण्याने उचलता येत नाही. मध्येच उठावं लागलं तर ब्रशवर तसंच सुकतं आणि ब्रश कायमचा वाया जातो. तुम्हाला केव्हाही मध्येच उठता आलं पाहिजे, म्हणून जलरंग. प्लेटमध्ये वाळलेला जलरंग दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने पुन्हा जागा होतो. विद्यार्थ्यांसाठीच्या ५ मिलीच्या बारा ट्यूबचा संच पुरेसा आहे. त्यातले तीनच रंग काढा: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). संचात यातला एखादा नसला तर सुटी ट्यूब मिळते. बाकीचे रंग महिनाभर डब्यातच राहू द्या.

कागदावर मात्र काटकसर करू नका. नवशिक्यांची निम्मी निराशा कागदामुळे असते आणि दोष ते स्वतःच्या हाताला देतात. साध्या चित्रकला वहीचा कागद पाणी लागताच फुगतो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की त्याचा लगदा सुटतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाचा कागद घ्या, ए५ आकारात, म्हणजे साधारण सहा बाय आठ इंच. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत किंवा इतरत्र मिळणारा हातकागद आवडत असेल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब काही क्षण वर टिकला तर कागद जलरंगाला चालेल. टीपकागदासारखा लगेच शोषला गेला तर तो कागद कोळशाच्या कांडीने चित्र काढायला ठेवा. सिंथेटिक गोल ब्रश दोन, ६ आणि १० नंबरचे, आणि एक इंची चपटा ब्रश एक. मास्किंग टेप, परीक्षेचं पॅड, ४बी पेन्सिल, पाण्याच्या दोन बरण्या, जुन्या पंचाचा तुकडा. पॅलेट विकत घेऊ नका, पांढरी चिनी मातीची बशी उत्तम.

वेळ एकूण चाळीस मिनिटं धरा. मांडायला पाच, रंगवायला पंचवीस, उरलेला वेळ आवरायला. मोबाइलवर गजर लावा आणि गजर झाला की चित्र अर्धं असलं तरी ब्रश खाली. आठवड्यातून चार दिवस पुरे. रात्री झोपण्याआधी बसू नका, त्या वेळी वर आलेलं सगळं अंथरुणात सोबत येतं. सकाळचा चहा झाल्यावर किंवा दुपारी चारच्या सुमारास बरं. ज्या वेळी ते घरी यायचे किंवा जेवायला बसायचे ती वेळ सुरुवातीला टाळा. आवरणं हा भाग अजिबात गाळू नका: ब्रश धुवायचे, बशी पुसायची, कागदाच्या मागे तारीख आणि एक ओळ लिहायची, कागद फाइलमध्ये ठेवायचा, टेबल रिकामं करायचं. पसारा तसाच राहिला की दिवसभर येता-जाता तो डोळ्यांसमोर येतो.

पहिले दोन आठवडे फक्त वॉश करा, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा कागदभर एकसलग थर. यात कुठलीही वस्तू नाही, चेहरा नाही, आठवण काढायची नाही. कागदाच्या चारही कडा टेपने पॅडवर चिकटवा आणि पॅडच्या वरच्या कडेखाली एक जाड पुस्तक ठेवा, म्हणजे उतार येईल. वाटाण्याएवढा निळा रंग दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवा. गाठ राहिली तर मध्येच गडद रेघ उमटते. चपटा ब्रश भरून घ्या आणि कागदाच्या वरच्या टोकाला डावीकडून उजवीकडे एकच आडवा पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची एक जाड ओळ साचेल. पुढचा पट्टा त्या ओळीला किंचित शिवून ओढा, म्हणजे ती ओळ खाली सरकते. प्रत्येक पट्ट्याला बशीत थोडं पाणी वाढवत जा. वर गडद निळा, खाली जवळजवळ पांढरा, असं उतरायला हवं. शेवटी तळाशी साचलेलं पाणी कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या.

बिघडतं ते बहुधा यानंतर. मध्ये कुठेतरी फिकट पट्टा दिसतो आणि हात आपसूक दुरुस्तीला जातो. कागद तिरपा धरून पाहा: वर चकाकी असेल तर रंग अजून वाहता आहे, तेव्हा हलका हात चालतो. चकाकी गेली आणि कागद बोटाला गार लागत असेल तर मुळीच शिवू नका. त्या वेळी टाकलेलं पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखा खरबरीत डाग उमटतो. चकाकी गेल्यावर हात मागे घेणं ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी सवय आहे, आणि ती फक्त रंगापुरती उपयोगी नाही. कागद पूर्ण वाळू द्या. रंग ओला असताना दिसतो त्याहून वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे "उडाला" असं वाटेल. ते बरोबरच आहे.

वॉश जमू लागले की दुसरा सराव करड्या रंगाचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळा. निळा जास्त घातला तर आषाढातल्या ढगासारखा थंड करडा येतो, तपकिरी जास्त घातला तर उबदार. दोन्ही घट्ट घेतले तर जवळजवळ काळा मिळतो, तयार काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत. एका कागदावर सहा चौकोन आखून सहा वेगळे करडे भरा. यात तिसरा रंग घालायचा मोह आवरा, मिश्रणाचा चिखल होतो तो तिथूनच.

रंगांच्या अर्थांचे तक्ते तुमच्याकडे पाठवले जातील: लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य वगैरे. ते सोडून द्या. काळ्या-करड्यात महिनाभर राहावंसं वाटलं तर राहा, कुणी "आता जरा आनंदी रंग वापर" म्हणालं म्हणून पिवळ्याकडे जाऊ नका. याची दुसरी बाजूही आहे. हिरवा किंवा कुंकवाचा लाल घेताना आपल्याकडच्या अनेक बायकांचा हात अडखळतो, कारण तो रंग आता आपला नाही असं त्यांना सांगितलेलं असतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. गावाने ठराव केला तरी मनातली अडखळ लगेच जात नाही. बशीत मात्र कुठलाही रंग कुणाला वर्ज्य नाही. तुम्हाला हवा तेव्हा तो डब्यातून काढा.

तिसऱ्या आठवड्यापासून वस्तू. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन पेपर आठवत असतील. आपण वस्तुचित्रापासून जायचं आहे, स्मरणचित्र नंतर. त्यांच्या पाच-सहा वस्तू मनाशी धरा आणि प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्या. बघताच काही वाटत नाही ती शून्य, हातात धरवत नाही ती दहा. सुरुवात तीन-चारवाल्या वस्तूने करा. बहुतेकांच्या बाबतीत चष्मा आणि घड्याळ आठच्या वर असतात. स्कूटरची किल्ली, छत्री, पाण्याची बाटली, दाढीचा ब्रश, टॉर्च अशा वस्तू खालच्या गुणांच्या असतात. प्रत्येकाची यादी वेगळी, तुमची तुम्हीच करा.

वस्तू खिडकीच्या उजेडात, एका बाजूने प्रकाश येईल अशी ठेवा. पेन्सिल कागदावर टेकवा आणि नजर वस्तूच्या कडेवर ठेवा, कागदावर नाही. डोळा मुंगीच्या चालीने कडेवरून सरकेल तितकीच पेन्सिल सरकू द्या. दहा मिनिटं लागली पाहिजेत, दोन मिनिटांत झालं तर तुम्ही पाहिलं नाही. रेघ वेडीवाकडी येईल, टोकं जुळणार नाहीत, ती खोडू नका. मग एक फिका वॉश पूर्ण वस्तूवर, तो वाळला की सावलीच्या बाजूला तोच रंग दुसऱ्यांदा. बस. किल्लीवरचा झिजलेला आकडा, छत्रीच्या मुठीवर जिथे हात धरून धरून रंग गेला ती जागा, असं काहीतरी तुम्हाला दिसेल. तिथे थांबून नीट पाहा. पाहण्यात गुंतलेलं मन तेवढा वेळ "असं का झालं" या प्रश्नापासून दूर असतं आणि तरी त्या माणसाजवळच असतं.

रडू येईल. येऊ द्या, कागदावर थेंब पडला तरी बिघडत नाही. रडत रडत हात चालू राहत असेल, पाय जमिनीला टेकलेले जाणवत असतील, तर पुढे चला. पण श्वास वरचेवर होऊ लागला, हातपाय बधिर वाटले, शेवटच्या दिवसाचं किंवा दवाखान्यातलं दृश्य पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं, तर तिथेच थांबा. ब्रश घेऊन बेसिनपाशी जा, गार पाण्याखाली तो धुवा, पाणी हातावरून जाऊ द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा. त्या दिवशी परत बसू नका. दुसऱ्या दिवशी फक्त वॉश. मृत्यू अपघाती किंवा अचानक झालेला असेल तर ते दृश्य एकट्याने चित्रात आणू नये, ते काम प्रशिक्षित व्यक्तीसमोर करायचं आहे.

काढलेलं काही त्याच दिवशी फाडू नका. सात दिवस फाइलमध्ये राहू द्या, मग वाटलं तर खुशाल फाडा. भिंतीवर लावायची किंवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची घाई नको. "वा, किती छान" हे वाक्यही इथे अपाय करतं, कारण पुढचं चित्र छान यावं म्हणून काढलं जातं. आणि "अजून त्यातच आहेस का" हे तर कुणीतरी म्हणणारच. मुलीला एवढंच सांगा की फाइल तुमची आहे आणि दाखवावंसं वाटेल तेव्हा तुम्हीच दाखवाल. अर्धा चेहरा असलेला तो कॅनव्हास वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे ठेवा. त्यावर आज पांढरा रंग फिरवू नका. पुढे वापरावासा वाटला तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून जेसोचे (रंगाआधी कॅनव्हासला देतात त्या पांढऱ्या लेपाचे) दोन हात दिले की तो नव्यासारखा होतो.

तेच तेच चित्र पुन्हा काढावंसं वाटणं स्वाभाविक आहे. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली. तिच्या आजारपणाचं चित्र त्याने १८८५-८६ मध्ये केलं आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत तेच चित्र आणखी पाच वेळा रंगवलं. तुमच्याबाबतीत एवढं पाहा की दर खेपेला काही बदलतं आहे का: आकार, रंग, जागा, पाहण्याची बाजू. काहीच न बदलता तेच येत असेल आणि दर वेळी उठताना अधिक गळून गेल्यासारखं होत असेल, तर ती वस्तू महिनाभर बाजूला ठेवा.

चेहऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मन कलावंत केटे कोल्विट्झ यांचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. त्याच्या स्मारकशिल्पाच्या पहिल्या आराखड्यात मुलाची आकृती होती. १९१९ मध्ये त्यांनी ते काम सोडलं, काही वर्षांनी पुन्हा घेतलं, आणि १९३२ मध्ये शिल्प उभं राहिलं तेव्हा त्यात मुलगा नव्हता. गुडघ्यांवर बसलेले आई आणि बाप, दोघंच होते. गेलेल्या माणसाला चित्रात आणायचं तर त्याचा चेहराच हवा असं नाही. त्यांची रिकामी खुर्ची, त्यांच्या खिडकीतून दिसणारा रस्ता, तुमचे स्वतःचे हात, यातलं काहीही चालेल.

तरीही चेहरा काढावासा वाटला आणि आठच्या वर गुण असलेल्या वस्तू तोवर हाताळून झाल्या असतील, तर ट्रेस करा. ट्रेस करण्यात फसवणूक काही नाही. मोबाइलवर हातभर अंतरावरून घेतलेला सेल्फी नको, दोन-तीन मीटरवरून काढलेला जुना फोटो घ्या. ए४ आकारात कृष्णधवल प्रिंट काढा, ती मावेल एवढा त्याच जाडीचा कागद खाली ठेवा. प्रिंटच्या मागे ४बी पेन्सिल आडवी धरून घासा, ती कागदावर ठेवून डोळे, नाक, ओठ आणि केसांची कड एवढंच बोलपेनने गिरवा. कार्बन पेपर वापरू नका, त्याची मेणचट रेघ खोडता येत नाही आणि रंगातून वर दिसत राहते. मग एकाच करड्याच्या तीन छटा: कोरा कागद हा उजेड, मधली छटा, गडद छटा. डोळ्यांत बारकावे भरत बसू नका. पाठमोरी किंवा बाजूने दिसणारी आकृती आधी घेतली तर आणखी सोपं जाईल.

पहिली दिवाळी, वाढदिवस, वर्षश्राद्ध हे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. त्यांच्या आगे-मागे तीन-चार दिवस नवीन वस्तू, नवीन तंत्र काहीही नको, फक्त वॉश आणि करड्याचे चौकोन.

अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या २०१६ च्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी पंचेचाळीस मिनिटं चित्र-कोलाज-मातीकाम केलं आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी कलेचा अनुभव होता की नाही, याने फरक पडला नाही. पण ती माणसं शोकातली म्हणून निवडलेली नव्हती आणि मोजमाप एकाच बैठकीचं होतं. चित्राने काही वेळ शरीर सैल होतं, एवढा आधार त्यातून मिळतो. शोकावर औषध म्हणून तो अभ्यास कुणी पुढे केला तर मानू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांनंतर करता येतं, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांनंतर. आठव्या महिन्यात रडू येणं म्हणजे आजार नव्हे. पण बहुतेक दिवस, दिवसभर तीच ओढ आणि वेदना, जेवण-झोप-आंघोळ सुटणं, माणसं टाळणं, ते गेलेच नाहीत असं वागत राहणं, किंवा आपणही त्यांच्यामागे जावं असा विचार येणं, यातलं काही असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. शेवटचा विचार आला तर महिन्यांचा हिशेब करत थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नि:शुल्क क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर चित्रामुळे बरं वाटतंय म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. तज्ज्ञांकडे जाताना ती फाइल सोबत न्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. नेली तर चित्रांचा अर्थ त्यांनी सांगावा अशी अपेक्षा ठेवू नका, कागदामागच्या तारखा आणि ओळी मात्र त्यांना खरंच उपयोगी पडतील.